खेळ मोडणारे

बालमित्रांनो,

श्रावणसरींनी आमच्या नाटे गावातलं मैदान चिखलाने भरलं, तरी कबड्डी काही थांबत नाही! परवा पंचाचा निर्णय पटला नाही म्हणून एकाने पंचालाच ढकललं. मी खेळ थांबवला आणि एका कबड्डीपटूची गोष्ट सांगितली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे डॉक्टर. कबड्डीसाठी शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. भोंदूबाबांकडे पुरावा मागा, असं ते गावोगाव सांगत. काहींना ते सहन झालं नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी, पुण्यात फिरायला निघालेल्या डॉक्टरांवर धर्माच्या नावाने कट्टर बनलेल्यांनी गोळ्या झाडल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली.

चौथीतला एकजण म्हणाला, "गुरुजी, त्यांना उत्तर देता येईना, म्हणून त्यांनी खेळच मोडला!"

अगदी बरोबर! विचार पटला नाही तर बोलून हरवावं. हात उगारला की आपणच बाद.

येत्या २० ऑगस्टला डॉक्टरांची आठवण म्हणून घरी एक तरी 'का?' विचारा. आईबाबांनो, रागावू नका हं! उत्तर ठाऊक नसेल, तर दोघं मिळून शोधा.

तुमचे,
गुरुजी