बिऱ्हाड निघाले वैनगंगेपार

घर बरोबर घेऊन प्रवासाला निघावे, ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही. विदर्भातली माणसे बैलबंडी जुंपून जत्रेला निघत, तेव्हा पिठाच्या डब्यापासून आजीच्या पानसुपारीपर्यंत सारे बंडीत चढत असे. आता बंडीची मोटार झाली, एवढेच! तिच्यात बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी आली, आणि तिला कॅराव्हॅन म्हणू लागले. महाराष्ट्र सरकारने तर 2021 साली या चाकांवरच्या बिऱ्हाडासाठी खास पर्यटन धोरणच जाहीर केले.

तेव्हा यंदा दिवाळीचा फराळ डब्यांत भरून निघायचे ठरवले असेल, तर आरंभ नदीने करा. नदी ओलांडली की घरची विवंचना मागच्या काठावर राहते, असा अनुभव आहे. कोकणात हे सुख गाडीसकट मिळते. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून मोटारी, माणसे आणि आंब्याच्या पेट्या एकदमच पलीकडे पोचवते. आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र गाडीने पुलावरून जावे आणि माणसांनी हौसेने नावेत बसावे, असा मामला आहे.

पवनी तालुक्यातल्या कोंढ्याहून निघालात, तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याकडे जाताना वैनगंगा आडवी येते. थोडी वाकडी वाट करून अंभोऱ्याला जावे. तिथे वैनगंगेला कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी येऊन मिळतात. काठावर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच रचला, असे या भागातली परंपरा सांगते. पूर्वी पैलतीरी जायचे तर डोंग्यावाचून गत्यंतर नसे. आता दोन जिल्हे जोडणारा, तारांनी तोललेला उंच पूल 2024 पासून वाहतुकीला खुला आहे. तरीही मुलांना एकदा नावेत बसवाच, मात्र अंगात तरंगजाकीट घालून. पाणकावळा पंख पसरून ऊन खात असतो, खंड्या तीरासारखा पाण्यात घुसतो. हे पुलावरून धावणाऱ्या मोटारीतून दिसायचे नाही.

आणि मुलांना हेही सांगा, की समोरचे अफाट पाणी गोसीखुर्द धरणाचे आहे. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. धरणाला 33 दरवाजे आहेत. शेताला पाणी मिळावे म्हणून ते बांधले, पण त्या पाण्याखाली गावे गेली, कुणाकुणाची घरे-अंगणे गेली. आपण घर बरोबर घेऊन हौसेने निघालो आहोत. त्यांना ते मागे टाकून निघावे लागले.

याच मुलखातून आणखी एक प्रवासी घर शोधत आला होता. नागझिऱ्याचा तरुण वाघ 'जय' 2013 साली रस्ते, शेते आणि वैनगंगेसारखी नदी ओलांडून कऱ्हांडल्याला पोचला. आदल्याच वर्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे सुमारे 189 चौरस किलोमीटरचे रान त्याच्यामुळे देशभर गाजले. एप्रिल 2016 नंतर तो कुणाला दिसला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा बछडा 'श्रीनिवास' शेताच्या कुंपणातल्या विजेच्या धक्क्याने मेला. वाघाची वाट किती अवघड असते, हे या बापलेकांवरून कळावे.

ती वाट आपणही अडवतो, हे अधिक लाजिरवाणे. 31 डिसेंबर 2024 रोजी याच अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह निघाली असता पर्यटकांच्या जिप्सींनी तिला पुढून-मागून घेरले. चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण खरे सांगा, गाडी आणखी पुढे घ्या, असा हट्ट धरणारे कोण असतात? तुमच्या-आमच्यासारखी पैसे मोजून आलेली शहरी मंडळीच ना? मागणारा नसता, तर चालकाने गाडी कशाला दामटली असती?

म्हणून बिऱ्हाड मुक्कामाच्या जागी ठेवावे आणि नोंदणी करून, मार्गदर्शकासह सफारीच्या गाडीतून जंगलात शिरावे. पावसाळ्यात बंद असलेले दरवाजे कधी उघडतात, याची आधी चौकशी करावी. मुलांच्या हाती दुर्बीण द्यावी, भ्रमणध्वनी नव्हे. गवा, सांबर, चितळ, नीलगाय, कोळसुंद्यांची टोळी, यांतले जे दिसेल ते आपले भाग्य. वाघ रस्त्यावर आला, तर गाडी दूरच थांबवायला सांगावी आणि त्याला वाट द्यावी.

एक विनंती पुरुषमंडळींना. चाकांवर घर आले म्हणजे स्वयंपाकघरही आले. गृहिणीने तिथेही शेगडीपाशीच उभे राहायचे असेल, तर तिची सुट्टी कसली? पहाटेचा चहा आपण करावा, भांडीही विसळावीत. दिवाळीच्या ओवाळणीत एवढी भर पडायला काय हरकत आहे?