आगीची सूचना देणारी तारच ठिणगी टाकत असेल तर?

बीडहून परळीकडे निघालं की वाटेत वडवणी लागतं आणि थोडं पुढे तेलगाव. हा पट्टा कापसाचाही आणि उसाचाही. तेलगावात सहकारी साखर कारखाना आहे. राज्यातल्या इतर कारखान्यांसारखंच इथल्या ऊसपट्ट्याचं लक्षही गेल्या काही वर्षांत साखरेइतकंच इथेनॉलकडे वळलंय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठलं, मूळ मुदत होती २०३०. शेतकऱ्याच्या बिलाच्या दृष्टीने ही चांगली बातमी. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की ग्रामीण महाराष्ट्रात भराभर पेट घेणाऱ्या द्रवाच्या टाक्या वाढल्या आहेत. त्यांच्या आसपास शिफ्टचे कामगार, टँकरचे चालक आणि हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्याही असतात.

मग आगीचा अलार्म बसवला की झालं, असं वाटू शकतं. गोची तिथेच आहे.

इथेनॉल पेट्रोलसारखं वागत नाही

इथेनॉलची वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी साचते. बीड जिल्ह्यात हिवाळ्यातल्या काही पहाटा सोडल्या तर पारा याच्या वरच असतो. त्यात एक विचित्र बाब आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत हवा कमी पडते आणि सहसा पेट घेत नाही. इथेनॉलच्या टाकीत मात्र साधारण १२ ते ४२ अंशांच्या दरम्यान वाफ आणि हवा यांचं प्रमाण नेमकं पेट घेण्याजोगं असतं. म्हणजे आपल्याकडचं जवळपास वर्षभराचं हवामान.

गळती झाली तर ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली बसते, गटारात आणि केबलच्या चरात शिरते. आणि आग लागलीच तर ज्वाळा फिकट निळी, भर उन्हात जवळजवळ न दिसणारी, धूर नगण्य. त्यामुळे ऑफिसच्या छताला लावतात तसला धूर ओळखणारा डिटेक्टर इथे लावणं म्हणजे निव्वळ कागदोपत्री समाधान. इथे उष्णता ओळखणारे किंवा ज्वाळेतले अतिनील-अवरक्त किरण टिपणारे डिटेक्टर लागतात.

पण डिटेक्टरला वीज लागते

साध्या फायर अलार्मच्या तारेतून बहुतेक वेळा २४ व्होल्ट वाहतात. घरातल्या २३० व्होल्टच्या मानाने हे किरकोळ वाटतं. पण ज्वलनशील वाफ पेटायला एक मिलीज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पुरते. दाराच्या कडीला हात लावल्यावर बोटाला जो चटका बसतो, तेवढी ठिणगीसुद्धा तिथे जास्त होते. उंदराने केबल कुरतडली, टर्मिनलचा स्क्रू सैल झाला, कुणी चालू तार सोडवली, की आगीची खबर द्यायला बसवलेली यंत्रणाच आग लावू शकते.

ही भीती कल्पनेतली नाही. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगेनिदच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले. कारण शंभर टक्के सिद्ध झालं नाही, पण संशय होता तो विजेच्या घंटीवर. खाणीत इशारा द्यायला उघड्या तारा एकमेकींना टेकवून घंटी वाजवत. बॅटरी कमी व्होल्टची, म्हणून धोका नाही असा समज होता. पुढच्या प्रयोगांत दिसलं की घंटीच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा ठिणगीतून बाहेर पडते आणि मिथेन पेटवायला पुरते. त्यातूनच ‘अंगभूत सुरक्षित’ सर्किटची, इंजिनिअर मंडळी ज्याला ‘इंट्रिन्सिकली सेफ’ म्हणतात त्याची, कल्पना उभी राहिली.

आपल्याकडे जास्त ओळखीचा आहे तो ‘फ्लेमप्रूफ’ डबा. जाड ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनिअमचा. स्फोट आत झाला तर तो आतच राहावा, हे त्याचं तत्त्व. अंगभूत सुरक्षित सर्किटचं म्हणणं वेगळं: धोक्याच्या जागेत एवढी ऊर्जा जाऊच द्यायची नाही. तार तुटो, शॉर्ट होवो, ठिणगी पडली तरी ती पेटवण्याइतकी नसावी.

हे काम करतो ‘बॅरियर’. तो धोक्याच्या जागेत नसतो, बाहेर सुरक्षित खोलीत पॅनलजवळ असतो. सर्रास वापरला जाणारा एक बॅरियर २८ व्होल्ट आणि ३०० ओहमचा. पुढे तारा थेट एकमेकींना भिडल्या तरी ९३ मिलीअँपिअरच्या वर प्रवाह जात नाही. त्यात व्होल्टेज अडवणारे झेनर डायोड असतात, बिघाड झाला तर जादा प्रवाह जमिनीत सोडून देणारे. ‘आयए’ दर्जाच्या सर्किटमध्ये दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी सुरक्षितता टिकावी लागते. टाकीच्या आतल्या, कायम वाफ असणाऱ्या जागेसाठी तोच दर्जा लागतो.

माशी शिंकते ती जोडणीत

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सर्टिफिकेटवाला डिटेक्टर आणला की काम संपलं. सुरक्षित ठरतं ते अख्खं सर्किट: बॅरियर, केबल, डिटेक्टर आणि अर्थिंग मिळून. केबल स्वतःही वीज साठवते. हायड्रोजनसारख्या सर्वात नाजूक गटासाठी २८ व्होल्टच्या बॅरियरपुढे ८३ नॅनोफॅरडपर्यंतच साठवण चालते. मीटरमागे २०० पिकोफॅरडची केबल धरली तर चारशे मीटरच्या आसपास ही मर्यादा संपते, आणि त्यात डिटेक्टरचा वाटा अजून धरलेला नाही. इथेनॉलसाठी सवलत जास्त आहे, पण हा हिशेब मांडून फाईलला लावावाच लागतो.

अर्थिंगचं तसंच. झेनर बॅरियरपासून मुख्य अर्थिंग बिंदूपर्यंतच्या जोडणीचा रोध १ ओहमपेक्षा कमी हवा. ही जोडणी गंजली तर बॅरियर जागेवर दिसतो, दिवाही लागतो, संरक्षण मात्र गेलेलं असतं. जिथे अर्थिंगची देखभाल भरवशाची नाही, तिथे या अर्थिंगवर अवलंबून नसलेला ‘गॅल्व्हॅनिक आयसोलेटर’ महाग पडला तरी परवडतो. फिकट निळी केबल याच सर्किटची खूण, आणि ती मोटरच्या केबलसोबत एका ट्रेमध्ये कोंबायची नसते. पॅनलमध्येही या टर्मिनलचं इतर टर्मिनलपासून ५० मिलीमीटर अंतर ठेवतात.

स्फोटक वातावरणातल्या विद्युत उपकरणांना मान्यता देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरात आहे, कारखान्यांची तपासणी राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करतं. नियमांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो पाच वर्षांनी डिटेक्टर बिघडल्यावर तालुक्याच्या बाजारातून दिसायला तसाच, पण साधा डिटेक्टर आणून न बसवणाऱ्या देखभालीचा.

मग जिनिंगमध्येही हेच लावायचं?

नाही. सरकी वेगळी करताना उडणारी तुसं पेटतात हे खरं, पण तिथे आग बहुतेकदा कापसात आलेल्या खड्याच्या किंवा खिळ्याच्या घर्षणाने, तापलेल्या बेअरिंगने किंवा वायरिंगच्या शॉर्टने लागते. लोहचुंबक, धूळ आत न जाऊ देणारे डबे, वेळच्या वेळी झाडलोट आणि हवेच्या नळीतच ठिणगी ओळखणारा सेन्सर हा तिथला खर्च. गाठी मात्र आतल्या आत धुमसतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर स्फोटकांसोबत कापूसही होता, आणि धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंत काही तास हाताशी होते.

डिस्टिलरीत तेवढा वेळ मिळत नाही. त्यामुळे सुरक्षा अधिकाऱ्याकडे, विमा कंपनीच्या माणसाकडे किंवा कारखान्याच्या सभासदाकडे विचारण्यासारखा प्रश्न ‘अलार्म आहे का’ हा नाही. प्रत्येक सर्किटचा बॅरियरपासून डिटेक्टरपर्यंतचा नकाशा, त्यावर केबलची लांबी आणि शेवटच्या तपासणीची तारीख, हा एक कागद मागायचा.