सृष्टीची कथा कशी वाचावी?

आपल्या मुलांच्या मोबाईलवर एक हिशेब फिरत असतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते. म्हणजे पुराणकारांना सारे आधीच ठाऊक होते! दुसरीकडे आपलेच काही बांधव अग्गञ्ञ सुत्तात डार्विन शोधतात. मला ही दोन्ही वाचने सारखीच अमान्य आहेत.

४३२ हा आकडा निरीक्षणातून नव्हे, गुणाकारातून आला आहे. मनुस्मृतीप्रमाणे कलियुग संधिकालासह १२०० वर्षांचे. माणसांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक दिवस, असे धरून त्याला ३६० ने गुणले की ४,३२,००० वर्षे होतात. हे युग इतके लांबविले कशासाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये विचारला आहे. शूद्र वर चढणे, वर्णधर्म ढळणे ही पुराणांनी कलियुगाची लक्षणे मानली. आपली उन्नती हेच ज्या कालगणनेत अधःपतन ठरते, तिचा अभिमान आपण का बाळगावा?

अग्गञ्ञ सुत्तातील प्रसंग श्रावस्तीच्या पूर्वारामातला. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मणकुळातले. संघात आले म्हणून स्वजनांची निंदा सोशीत होते. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले, हा त्या निंदेचा आधार. बुद्धांचे उत्तर साधे होते: ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात, मुलांना दूध पाजतात. मग पुढची कथा येते. आपोआप उगवणारा तांदूळ लोक लागेल तसा आणीत. एका आळशाने दोन्ही वेळचा एकदमच आणला. त्याचे पाहून कुणी दोन दिवसांचा, कुणी चार, कुणी आठ दिवसांचा आणला. साठा झाला, बांध पडले, चोरी आली, आणि मग लोकांनी आपल्यातून एकाला निवडले, तो महासम्मत. प्रारंभीचे आकाशात विहरणारे तेजस्वी जीव जीवशास्त्रात बसणार नाहीत; बसविण्याची गरजही नाही. विषमता ईश्वराच्या देहातून निघाली की माणसाच्या कोठारातून, एवढाच तिथला वाद आहे.

पालकांनी तो ४३२ कोटींचा संदेश पुसून टाकू नये. मुलांकडून गुणाकार करून घ्यावा, आणि मग ३६० ने गुणण्याची गरज कोणाला पडली, हे त्यांनाच विचारू द्यावे.