व्रत एका घराचे, उत्तरदायित्व समाजाचे

मुंबई-बंगळुरू महामार्गालगतचे ताथवडे काही दशकांपूर्वीपर्यंत शेतीवाडीचे गाव होते. २००९ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पाहता पाहता शिवाराच्या जागी महाविद्यालये आणि उत्तुंग गृहसंकुले उभी राहिली. महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आणि अन्य प्रांतांतूनही आलेली तरुण कुटुंबे येथे स्थिरावत आहेत. रस्ते, पाणी, वाहतूक यांची चर्चा येथे नित्य होते आणि ती रास्तच आहे. परंतु या वस्तीत वाढणाऱ्या मुलाच्या कानी नाट्यपद कधी आणि कोठे पडणार, हा प्रश्न कोणत्याच विकास आराखड्यात नसतो. ज्यांना तो गौण वाटतो त्यांनी कीर्ती शिलेदार यांच्या आयुष्याकडे पाहावे.

२२ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात कीर्तीताईंचे निधन झाले. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. २०१८ साली मुलुंड येथे झालेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान कीर्तीताईंना मिळाला होता. संगीत रंगभूमीच्या एका व्रतस्थ साधिकेचा तो यथोचित गौरव होता. मात्र गौरव करणे निराळे आणि वारसा चालविणे निराळे. पहिल्या गोष्टीत मराठी समाज कधीच कमी पडलेला नाही. दुसऱ्या गोष्टीत तो बहुतेक वेळा कमी पडतो.

कीर्तीताईंचा जन्म १९५२ चा. त्यापूर्वीच, १९४९ साली, ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था पुण्यात स्थापन झाली होती. तो काळ संगीत नाटकाच्या पडझडीचा होता. बोलपटाने प्रेक्षक ओढून नेला होता, नामवंत नाटक मंडळ्या कर्जात बुडून बंद पडल्या होत्या. अशा वेळी जयराम शिलेदार आणि जयमालाबाई यांनी पुन्हा ऑर्गन-तबल्याच्या साथीने पडदा उघडण्याचे धाडस केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या गाजलेल्या चित्रपटाचे नायक असलेल्या जयरामांना रुपेरी पडद्याचा सोपा मार्ग मोकळा होता. इंदूरच्या प्रमिला जाधव म्हणजेच जयमालाबाई यांनी बालगंधर्वांच्या गायकीचा संस्कार जपला आणि पुढे तो आपल्या मुलींना दिला. लता (दीप्ती भोगले) आणि कीर्ती या दोघी भगिनी रंगमंचाच्या सान्निध्यातच वाढल्या. घर हेच गुरुकुल आणि नाटकाचा दौरा हीच शाळा, असे ते जीवन होते.

कीर्तीताईंनी नीळकंठबुवा अभ्यंकर यांच्याकडे शास्त्रोक्त गायनाची तालीम घेतली. ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’, ‘कान्होपात्रा’ अशा नाटकांतून त्यांनी दीर्घ काळ भूमिका केल्या. संगीत नाटकातील नटीची परीक्षा फार कठोर असते. तिला गद्य संवादाचा सूर न सोडता पदात प्रवेश करावा लागतो, प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ आला की तेच पद नव्याने रंगवावे लागते आणि पद संपताक्षणी पुन्हा भूमिकेत परतावे लागते. गळा कोणाचा आणि अभिनय कोणाचा, अशी सोय येथे नाही. हे साधण्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. ध्वनिमुद्रित साथीवर ओठ हलविण्याच्या युगात कीर्तीताईंनी हा रियाज आयुष्यभर सोडला नाही, हेच त्यांच्या कलेचे आणि त्यांच्या चळवळीचेही मर्म आहे. निवेदने आणि मोर्चे यांच्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, प्रभावी चळवळ म्हणजे जे टिकवायचे ते स्वतः करीत राहणे.

त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका विद्याधर गोखले यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’तील मैनेची. नाटकाची मूळ कल्पना बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची. मात्र गोखल्यांनी तिला मराठी मातीत असे रुजविले की परकेपणाची खूणही उरली नाही. शॉच्या नाटकात फुले विकणारी मुलगी उच्चभ्रूंचे उच्चार शिकते. गोखल्यांच्या नाटकात तमाशातली मैना रागदारीची साधना करते. तेथे प्रश्न वर्गाच्या बोलीचा आहे, येथे स्वराच्या अधिकाराचा. जो साधना करील त्याचा स्वर, हा त्याचा आशय आहे. लावणी आणि ख्याल एकाच कंठात नांदू शकतात, हे कीर्तीताईंनी गाऊन दाखविले. ‘कान्होपात्रा’चाही आशय याहून वेगळा नाही. गणिकेची कन्या विठ्ठलचरणी लीन होते आणि वारकरी परंपरा तिला संतांच्या मांदियाळीत स्थान देते. सामाजिक समरसतेवर शंभर व्याख्याने जे करू शकणार नाहीत ते असे एक नाटक तीन तासांत करते.

संगीत नाटकाला ‘कालबाह्य’ ठरविण्याची फॅशन मराठी समीक्षेत दीर्घकाळ होती. पदांसाठी कथानक थांबते, हा आक्षेप काही प्रयोगांच्या बाबतीत खराही होता. परंतु १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा कालिदास, साकी-दिंडी आणि रागसंगीत यांचा जो संगम घडला, तो इंग्रजी विद्येने दिपलेल्या समाजाला मिळालेला आत्मविश्वास होता. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणले. या रंगभूमीला केवळ करमणूक म्हणणे म्हणजे राष्ट्रजीवनाचा एक अध्याय फाडून टाकणे होय.

तथापि दोष केवळ टीकाकारांना देऊन भागणार नाही. परंपरेचा अभिमान मिरविणाऱ्यांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. संस्कृतिरक्षणाच्या सभांना गर्दी करणारे किती जण संगीत नाटकाचे तिकीट काढतात? ‘बालगंधर्व’ (२०११) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटांचे मराठी प्रेक्षकांनी प्रेमाने स्वागत केले. म्हणजे या संगीताची ओढ आटलेली नाही. आटला आहे तो जिवंत प्रयोगाला जाण्याचा परिपाठ. आणि प्रयोगच झाले नाहीत तर नवी गायक-नटी घडणार कोठे? ती चित्रफितीतून घडत नाही, प्रेक्षकांसमोर घडते.

जयरामांचे १९९२ मध्ये निधन झाले. जयमालाबाईंना २०१३ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी देह ठेवला. २०२२ मध्ये कीर्तीताई गेल्या. सात दशके एका कुटुंबाने जो भार वाहिला तो वस्तुतः समाजाचा होता. शासनाचे अनुदान हवे, नाट्यगृहांची भाडी परवडणारी हवीत, हे सारे खरे. पण राजाश्रयाने कला जगते आणि लोकाश्रयाने ती रुजते. आपल्याकडे भजन, कीर्तन आणि वारी कोणत्याही अनुदानाविना शतकानुशतके टिकली, ती समाजाने आपली मानली म्हणून.

म्हणूनच खरी कसोटी पुण्याच्या पेठांत नाही. तेथे जाणकार आजही आहेत. कसोटी ताथवड्यासारख्या नव्या वस्तीत आहे. चिंचवड, संत तुकारामनगर, भोसरी, सांगवी आणि आकुर्डी येथे महापालिकेची नाट्यगृहे आहेत. ताथवड्यातील गृहसंकुलांनी वर्षातून एका संगीत नाटकाची तिकिटे सामूहिकपणे घेतली, महाविद्यालयांनी आपल्या संमेलनांत चित्रपटगीतांच्या जोडीला एक नाट्यप्रवेश ऑर्गन-तबल्याच्या साथीने बसविला, गणेशोत्सव मंडळांनी एक सायंकाळ नाट्यपदांना दिली आणि १९८१ पासून कलाक्षेत्रात कार्यरत असलेल्या संस्कार भारतीसारख्या संघटनेने शिक्षक पुरविले, तरी आरंभ होईल. परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनाही मराठी मनाचा परिचय याहून रसाळ मार्गाने होणार नाही. यमन आणि भैरवी त्यांच्याही घरातल्याच आहेत.

कीर्तीताईंचे स्मारक उभारण्याची चर्चा करण्यापूर्वी एवढे जरी झाले तरी पुष्कळ. एका घराने घेतलेले व्रत आता घराघराने घ्यायचे आहे. ताथवड्यातील एखादी मुलगी सुभद्रा म्हणून रंगमंचावर उभी राहील आणि प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ येईल, तेव्हाच कीर्ती शिलेदार यांना खरी श्रद्धांजली वाहिली गेली असे म्हणता येईल.