लढाईची गति आणि तुकडीची हुकमत

पुष्कळ पालकांची अशी समजूत आहे कीं, संगणकावरील खेळ म्हटला म्हणजे बोटांची घाई आणि डोळ्यांची दमछाक. याखेरीज त्यांत दुसरें कांहीं नसावयाचें. ही समजूत अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु या खेळांचा एक वर्ग असा आहे कीं, त्यांत जय मिळतो तो बोटांच्या चपळाईनें नव्हे, तर हुकूम देण्याच्या शहाणपणानें. अद्भुत कथेंतील पात्रांची भूमिका घेऊन खेळावयाचे हे खेळ. त्यांस रोल-प्लेइंग गेम असें म्हणतात. त्यांत खेळणारा एकटा नसतो. एक ढालकरी, एक तिरंदाज, एक कुलपें उघडणारा चोर, एक मांत्रिक, एक जखमा बऱ्या करणारा पुरोहित, अशी चारसहा जणांची तुकडी त्याच्या हातीं असते; आणि लढाई उभी राहिली म्हणजे कोणीं काय करावयाचें हें त्यास ठरवावें लागतें. तें ठरविण्यास त्यास किती वेळ मिळतो, आणि सोबती त्याचें कितपत ऐकतात, या दोन गोष्टींवर अशा खेळाची सारी योग्यता अवलंबून असते असें आमचें मत आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस हें मैदानावरील उदाहरणानें चटकन् समजेल. क्रिकेटच्या कर्णधारास दोन चेंडूंच्या मध्यें क्षेत्ररक्षक हलविण्यास सवड मिळते. हुतूतूच्या नायकास ती मिळत नाहीं. चढाई करणारा दम धरून अंगावर आला म्हणजे मोठ्यानें दिलेला हुकूम बहुधा उशिराच पोंचतो. संगणकावरील लढायाही अशाच दोन जातींच्या आहेत.

पहिली जात अर्थातच पाळीची. इ. स. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोंवतीं बसून खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. तेथें पाळीवांचून गत्यंतरच नव्हतें. सहा जण एकदम बोलूं लागले तर खेळ चालविणाऱ्या पंचानें ऐकावें तरी कोणाचें? हीच रीत पुढें संगणकावर आली. १९८१ च्या ‘विझर्ड्री’ खेळांत सहा सोबत्यांस एकामागून एक हुकूम द्यावयाचे, आणि मग ते कसे पार पडले हें पाहावयाचें. हातघाईची लढाई पुढील तिघांनींच करावयाची, मागील तिघांनीं मंत्रांवर भिस्त ठेवावयाची. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्यें तर सोंगट्यांप्रमाणें प्रत्येकास घराघरांनीं हलवावें लागे.

दुसरी जात वाहत्या वेळाची. तिचा सर्वांत विचार करण्याजोगा नमुना म्हणजे कॅनडांतील बायोवेअर या मंडळीचा, १९९८ सालीं निघालेला ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ. यांत सहा जणांची तुकडी आणि तिचे शत्रु एकाच वेळीं धांवतात, वार करतात, मंत्र म्हणतात. परंतु खेळणाऱ्यानें स्पेस बार ही लांब पट्टी दाबली कीं सारें जग जागच्या जागीं थांबतें. थांबलेल्या जगांत हवे तितके हुकूम द्यावे, पुन्हां पट्टी दाबावी, कीं वेळ वाहूं लागतो. सोबती घायाळ झाला, किंवा नवा शत्रु दृष्टीस पडला, कीं खेळानें आपोआप थांबावें, अशीही सोय करून ठेवितां येते. पालकांच्या दृष्टीनें या थांबण्याचा एक लहानसा लाभ आहे, तो येथेंच सांगून टाकतों. आईनें जेवावयास हांक मारली असतां या खेळांतून तत्काळ उठतां येतें. ‘आतां उठलों तर मरेन’ ही सबब येथें चालावयाची नाहीं.

या पद्धतींत एक अशी गंमत आहे कीं ती पाळीच्या खेळांत सहसा सांपडत नाहीं. मांत्रिकास अग्निगोल फेंकण्याचा हुकूम दिला, तरी मंत्र पुरा होण्यास थोडा अवधि लागतो. आणि तेवढ्यांत आपलाच ढालकरी शत्रूच्या मागें धांवत नेमका त्या जागीं जाऊन उभा राहतो. अग्नीस आपपर भाव नाहीं! अशी फजिती एकदां झाली म्हणजे, हुकूम देतांना आज कोण कोठें उभा आहे एवढेंच न पाहतां, क्षणानंतर कोण कोठें असेल हेंही पाहावयास मूल आपोआप शिकतें. मात्र दोषही याच पद्धतींत आहे. सहा जण आणि दहा शत्रु एकदम भिडले म्हणजे जी गर्दी उडते, तींत कोणाच्या कोणत्या कृतीनें जय मिळाला हें कळेनासें होतें. जिंकलों, पण कां जिंकलों हें ठाऊक नाहीं, अशा जयाची किंमत आम्ही फार लावीत नाहीं.

या गर्दींतून सुटण्याचा एक उपाय म्हणजे सोबत्यांस स्वतःच्या बुद्धीनें लढूं देणें. जपानांत १९९० सालीं निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चवथ्या भागांत हा प्रयोग झाला. त्याच्या शेवटच्या प्रकरणांत खेळणाऱ्यानें हुकूम द्यावयाचा तो फक्त नायकास. इतरांस ‘जपून लढा’ किंवा ‘जोरानें लढा’ अशा मासल्याचें मोघम धोरण तेवढें सांगावयाचें. परिणाम काय झाला? क्लिफ्ट नांवाचा तरुण पुरोहित, मोठमोठ्या शत्रुनायकांवर जे मृत्युमंत्र मुळींच चालत नाहींत, तेच पुनःपुन्हां म्हणत बसे. आणि जखमी सोबती उपचाराची वाट पाहात. जपानांतील खेळणाऱ्यांत हा बिचारा पुरोहित त्यापायीं विनोदाचा विषय होऊन बसला. २००१ सालच्या नव्या आवृत्तींत सर्वांस स्वतः हुकूम देण्याची मुभा मिळाली, ती योग्यच झाली.

परंतु त्याच देशांतील ‘फायनल फँटसी’च्या बाराव्या भागानें, २००६ सालीं, याहून सरस तोड काढली. तींत प्रत्येक सोबत्यास नियमांची एक यादी लिहून द्यावयाची: अमुक स्थिति दिसली तर अमुक कृति कर. वरून खालीं पाहात जातांना जो नियम प्रथम लागू पडेल तो सोबती पाळतो. या नियमांस ‘गॅम्बिट’ हा बुद्धिबळांतील शब्द दिला आहे, तो शोभतो. समजा, ‘जवळच्या शत्रूवर वार कर’ हा नियम कोणी सर्वांत वर लिहिला, आणि ‘सोबत्याचें बळ निम्म्याखालीं गेलें तर त्यास बरें कर’ हा त्याच्या खालीं. शत्रु समोर असेपर्यंत दुसऱ्या नियमाची पाळीच यावयाची नाहीं, आणि सोबती डोळ्यांदेखत पडेल. येथें दोष सोबत्याचा नव्हे, यादी लिहिणाराचा. आणि तो शोधून काढतां येतो. क्लिफ्टच्या बाबतींत तो शोधून उपयोग नव्हता. सोबत्यांच्या स्वतंत्र बुद्धीपेक्षां त्यांस दिलेला स्पष्ट नियम आम्हांस अधिक पसंत आहे, तो याच कारणानें.

आतां ‘बाल्डर्स गेट’कडे पुन्हां वळूं. त्याचा तिसरा भाग २०२३ सालीं बेल्जममधील लॅरियन या मंडळीनें काढला. (हा भाग प्रौढांसाठीं आहे व तो शाळकरी मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं, आम्ही येथें त्याच्या लढाईच्या रचनेपुरतेंच बोलत आहों.) या भागानें वाहता वेळ सोडून पाळी पतकरली, तेव्हां जुन्या भागांच्या कित्येक चाहत्यांस वाईट वाटलें. त्यांचें दुःख आम्हांस समजतें. धांवत्या गर्दीचा तो थरार गेला, आणि चार चोरट्यांस क्षणांत पळवून लावून पुढें जाण्याची सोयही गेली. तथापि या मंडळीनें नुसती पाळी आणली नाहीं; सहा सोबत्यांऐवजीं चार ठेविले, आणि उंच कडा, सांडलेलें तेल, लोटून देण्याजोगा शत्रु, अशा साधनांनीं प्रत्येक पाळींत विचार करण्याजोगें कांहीं ठेविलें. वेळ थांबविला तर त्या थांबलेल्या वेळांत करण्यासारखें काम असलें पाहिजे, हें तिनें ओळखलें.

हें न ओळखलें तर काय होतें, याचें उदाहरण ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या अमेरिकन खेळाच्या दुसऱ्या भागांत, ‘डेडफायर’मध्यें, पाहावयास मिळतें. २०१८ सालीं तो निघाला तो वाहत्या वेळाचा म्हणून, पांच सोबत्यांचा. १९१९ नव्हे, २०१९ सालची गोष्ट. जगांत आतां घड्याळ उलटें फिरूं लागलें होतें, म्हणून जानेवारींत त्यास पाळीची पद्धति मागाहून जोडण्यांत आली. निवड खेळणाऱ्यावर सोपविली हें चांगलेंच. परंतु वाहत्या वेळांत हलक्या सुरीचा गुण हा कीं, जड हातोड्याचा एक वार होईतों तिचे अधिक वार होतात. पाळी आली आणि प्रत्येकास एका फेरींत एकच कृति मिळाली. सुरीवाल्यास पाळी लवकर मिळूं लागली खरी, पण वार मात्र एकच, आणि हातोडेवाला विनासायास बलवान झाला. शिवाय वाटेवरच्या ज्या किरकोळ चकमकी पूर्वीं चहाचा पेला निवण्यापूर्वीं आटोपत, त्या आतां पाळ्या मोजीत रेंगाळूं लागल्या. शस्त्रांचे गुण, सोबत्यांची संख्या, चकमकींची संख्या आणि वेळाची गति हीं एकाच हिशेबांतील रकमा होत. एक बदलावी आणि बाकीच्या तशाच ठेवाव्या, हें चालावयाचें नाहीं. ज्या खेळकर्त्यांस जुन्या खेळावर पाळी बसवावयाची असेल, त्यांनीं प्रथम रस्त्यावरील निम्मे दरोडेखोर काढून टाकावे, मग त्या कामास हात घालावा.