तोफगोळ्याला खर्चावर भाव, मग कापसाला का नाही?



हमीभावाचा विषय निघाला की कुणीतरी शहाणा उठतो आणि विचारतो, "भाव द्यायचा ठीक, पण सरकारने पैसा आणायचा कुठून?" केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चाचे, म्हणजे मुख्यतः विमाने, जहाजे, तोफा यांचे. त्या दिवशी या शहाण्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही.

गैरसमज नको. फौजेतली पोरे आमच्याच घरची आहेत. १९८६ साली १,४३७ कोटींना घेतलेल्या ४१० बोफोर्स तोफांच्या दलालीवरून देशभर धुरळा उडाला, पण १९९९ मध्ये कारगिलला त्याच तोफा कामी आल्या, हेही आम्ही विसरलेलो नाही. देशाला शस्त्रे लागतात. आमचे भांडण आहे ते हिशेबाच्या दोन वह्यांशी. शस्त्राची वही वेगळी आणि शेताची वेगळी.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. भद्रावतीच्या आयुध निर्माणीत तोफगोळ्यांत दारू भरली जाते. गोळ्याचे पोलादी कवच नागपूरजवळ अंबाझरीला घडते. स्फोटके आणि दारू भंडाऱ्याच्या जवाहरनगरात तयार होतात. तिथे २४ जानेवारी २०२५ ला झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. १ ऑक्टोबर २०२१ ला या कारखान्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या. त्याआधी वर्षानुवर्षे ते फौजेला माल कोणत्या भावाने देत होते? उत्पादन खर्चाच्या. कच्चा माल, मजुरी, वीज, यंत्राची झीज, इमारतीची झीज, साहेबांच्या पगाराचा वाटा, सगळे धरून. सरकारी विमान कारखान्याशी निविदेविना जे करार होतात त्यांत खर्च धरून वर नफाही मिळतो. त्यात गैर काही नाही. खर्च भरून निघाला नाही तर कोणताही कारखाना बंद पडेल.

आता आमची वही उघडा. कृषी महाविद्यालयात आम्ही पिकाचा उत्पादन खर्च काढायला शिकलो तो असा : बियाणे, खत, फवारणी, मजुरी, घरच्यांचे श्रम, शिवाय स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज. या पूर्ण खर्चाला सी-२ म्हणतात. २०१८ पासून सरकार दीडपट भावाचा डंका पिटते, पण दीडपट करताना खंड आणि व्याज अलगद बाजूला ठेवते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च धरला क्विंटलला ५,१४० रुपये, भाव ७,७१०. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६, भाव ३,६९९. कारखान्याच्या इमारतीची झीज खर्चात बसते आणि आमच्या जमिनीचा खंड बसत नाही, हे कोणते गणित? आणि हा भाव तरी हातात कुठे पडतो! ओलावा जास्त, प्रत हलकी, खरेदी केंद्र उशिरा, तोवर गरजवंताचा कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर गेलेला असतो.

तोफेच्या दारूत नायट्रोसेल्युलोज असते. ते बनते सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. म्हणजे पऱ्हाटी तोफेतही आहेच. युक्रेनच्या युद्धानंतर युरोपात १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याची किंमत २ हजार युरोवरून ८ हजारांवर गेली, असे ऑक्टोबर २०२३ मध्ये नाटोच्या एका वरिष्ठ सेनाधिकाऱ्यानेच सांगितले. तेव्हाच्या दराने हे सुमारे ७ लाख रुपये. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२०. एक गोळा म्हणजे शंभर क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरा, वीस-पंचवीस एकरांचे वर्षभराचे वखरण, डवरण, निंदण, वेचणी एका आवाजात संपते.

उशिराचे पाहा. ८३ तेजस विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. विमाने २०२४ पासून यायची होती. परदेशी इंजिने रखडली, एकही आलेले नव्हते. तरी सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झालाच. विक्रमादित्य जहाजाच्या दुरुस्तीचा सौदा २००४ मध्ये सुमारे ९७ कोटी डॉलरचा होता, तो पुढे २३० कोटींच्या वर गेला. जहाज तेच. आमच्याकडे बोंडअळीने पीक खाल्ले आणि पीककर्ज मुदतीत भरता आले नाही, की व्याजाची सवलत गेली आणि नाव थकबाकीदारांच्या यादीत.

आयातीत तर सरळ दुटप्पीपणा आहे. देशी कारखान्यांना बाजार मिळावा म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये १०१ प्रकारच्या संरक्षण सामग्रीच्या आयातीवर टप्प्याटप्प्याने बंदी जाहीर झाली. आणि कापूस? १९ ऑगस्ट २०२५ ला त्यावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, मग ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, नेमकी आमची वेचणी सुरू असताना. तोफेला संरक्षण, बोंडाला मोकळे रान.

एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल विमाने सुमारे ६३ हजार कोटींना ठरली. पैसे काही वर्षांत द्यायचे आहेत, हे मान्य. पण देशातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकरी कुटुंबांच्या वर्षाला सहा हजारांसाठी २०२५-२६ मध्ये ठेवलेली रक्कमही तेवढीच, साडेत्रेसष्ट हजार कोटी. तिचे उपकार मात्र आम्हाला दर हप्त्याला ऐकावे लागतात. संरक्षण संशोधनाला २६,८१६ कोटी, सगळ्या शेती संशोधन-शिक्षणाला १०,४६६. इथून जवळच नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या तुकड्यात निवड करून एचएमटी धान दिले. ते खाणारे लाखो. दादाजी २०१८ मध्ये औषधपाण्याची ओढाताण सोसत गेले.

आमची मागणी नवी योजना नाही, अनुदानही नाही. गोळ्याचा खर्च ज्या रीतीने काढता त्याच रीतीने कापूस-ज्वारीचा काढा, खंड आणि व्याजासह, आणि तो भाव मिळेपर्यंत शुल्काला हात लावू नका. खासदारांना हेच लेखी विचारायचे आहे. सिंदेवाहीच्या बैठकीला येताना प्रत्येकाने सातबारा, या हंगामाच्या खर्चाचे टिपण आणि कापूस-ज्वारी विकल्याची पावती आणावी. पावती मिळालीच नसेल तर व्यापाऱ्याने कोणत्या तारखेला काय भाव दिला, ते तरी कागदावर लिहून आणावे.