मान्यता आधी, क्रमवारी नंतर



‘वास्तु-अभियांत्रिकी’ आणि ‘वास्तुकला’ एकच मानून नामांकित महाविद्यालय निवडावे, हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला विद्यार्थ्यांची दिशाभूल करणारा आहे. वास्तुकला इमारतीचे रूप व जागेची मांडणी ठरवते, तर वास्तु-अभियांत्रिकी इमारतीचा सांगाडा, वातानुकूलन, वीज व प्रकाशयोजना यांचे गणित मांडते. तुळईखालून हवेची नलिका नेल्यावर छताची उंची किती उरेल, हा प्रश्न वास्तु-अभियांत्रिकीच्या कक्षेत येतो.

ही शाखा अमेरिकेत रुजलेली असून पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तिचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तेथे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना ‘एबेट’ आणि वास्तुकलेच्या व्यावसायिक पदव्यांना ‘नाब’ या वेगळ्या संस्था मान्यता देतात, त्यामुळे पहिल्या पदवीवर दुसऱ्या व्यवसायाचा परवाना गृहीत धरता येत नाही. भारतातही १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्यांनाच लावता येते.

म्हणून शिक्षणानंतर मुंबई-पुण्यात परतून व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने पदवीचे नेमके नाव, ती कोणत्या नोंदणीस पात्र ठरते आणि शेवटच्या दोन वर्षांत संकल्पचित्रांच्या स्टुडिओला अधिक तास आहेत की संरचना व ऊर्जेच्या प्रयोगशाळांना, हे आधी पडताळावे; महाविद्यालयांच्या ज्या क्रमवारीत या बाबींचा विचारच होत नाही, तिच्या भरवशावर पाच वर्षे व लाखो रुपये पणाला लावणे शहाणपणाचे नव्हे.

— एक वाचक, पुणे